पहिली धरायची

१

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती तेव्हा हे सुरू झालं. वेळ पक्की आहे. गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, उलटायला जायचं म्हणून सुलक्षणाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं, आणि मग ती गेलीच नाही. बिबडे उन्हात वाकडेतिकडे होऊन तडकले ते तडकलेच.

जळगावातला मे महिना. अशा दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळी दारं लावलेली आणि घराघरातून कूलरची घरघर. दीपक आणि सुलक्षणाची भाड्याची खोली वरच्या मजल्यावर होती. एकच, पण लांबलचक. एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला खिडकीतला कूलर, त्याच्या वाऱ्यात दीपकचं टेबल. मधोमध छताच्या कडीला जुन्या सुती साडीची झोळी. झोळीला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक सुलक्षणाच्या पायाच्या अंगठ्यात. हाताने लसूण सोलायचा, पायाने झोळी हलवायची. आमच्याकडच्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

झोळीत त्यांची मुलगी झोपली होती. नुकतेच खालचे दोन दात आले होते तिला, आणि पाजताना ती चावायची.

दीपक एका छोट्या कंपनीत कामाला होता. ठिबकचे वाल्व आपोआप उघडबंद करणारे डबे ती कंपनी बनवायची. उन्हात जायला नको म्हणून तो घरूनच काम करत होता. डब्याला आठवण लागते, असं तो सांगायचा. केळीच्या कोणत्या ओळीला किती पाणी गेलं, हे लाईट गेली तरी डब्याने विसरायचं नाही. ही आठवण सांभाळणारा तयार भाग कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला होता. त्याला ते लायब्ररी म्हणत. तो आपल्या डब्यात बसवायचा तर आधी कंपायलरमधून काढावा लागे. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा. आणि तो सकाळपासून अडून बसला होता.

"काय म्हणतो आता?" सुलक्षणाने विचारलं.

"म्हणतो, फाईल सापडत नाही."

"आहे का पण ती?"

"आहे ना. कुठे आहे ते त्याला सांगायचं राहिलं."

"म्हणजे तुमच्यासारखाच. मोजे पायाशी असतात आणि अख्खं घर डोक्यावर."

दीपक हसला. त्याने काहीतरी टाइप केलं, पुन्हा चालवलं. पडद्यावर लाल ओळी भराभर उतरल्या.

"आता काय?"

"आता म्हणतो, हे नाव माझ्या ओळखीचं नाही."

"चूक दाखवतो, पण सुधारून देत नाही. अगदी माझ्या सासूबाई."

"आईला सांगू?"

"सांगा की. त्यांनाही माहीत आहे."

एकेक करत लाल ओळी कमी झाल्या. शेवटी एकच उरली. ती दीपकने वाचून दाखवली नाही.  सुलक्षणाने मान वर करून आधी घड्याळ बघितलं आणि मग पडदा. ती सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला एकेक जोडावी लागत. जे. यू. आय.

पायातली दोरी थांबली.

२

जुई ही त्यांची पहिली मुलगी.

तिला दात यायचेच होते. अशाच एका दुपारी झोळीत झोपली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, कारण सापडत नाही. सुलक्षणा तेव्हाही दोरी अंगठ्यात घालून बसली होती. पोरगी आज शांत झोपली म्हणून बरं वाटलं होतं तिला. ती बराच वेळ झोका देत राहिली. किती वेळ ते तिने कुणाला सांगितलेलं नाही, कारण तिलाच माहीत नाही.

दुसरी मुलगी झाली तेव्हा सासू भिकुबाई बाळंतिणीला धुळ्याजवळच्या आपल्या गावी घेऊन गेल्या. तिथे त्यांनी पोरीला फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या बेबाबाईने, सांगून ठेवल्याप्रमाणे, "आगं माय, कोन्ही पोर पडेल शे इथं!" म्हणत उचललं. मग भिकुबाईंनी तिला सूपभर ज्वारी देऊन पोर विकत घेतलं.

"आते ही आपली नही शे," त्या सुलक्षणाला म्हणाल्या. "उकिरडानी शे. जी कोनीच नही, तिले कोन लई जाई? मी बी आशीच वाचनू. मन्हा पहिले तीन गयात. म्हनीसन मी भिकू."

पोरीचं नाव पडलं उकी. भिकुबाईंनी बजावलं, की आधीच्या पोरीचं नाव या घरात परत घ्यायचं नाही.

दीपकला हे नाव सहन होईना. तो शिकलेला, शहरात राहणारा. दाखला काढायला गेला तेव्हा त्याने कागदावर जुई लिहिलं. घरी येऊन सांगितलं.

"तेच नाव?" सुलक्षणा म्हणाली.

"वाया जाऊ द्यायचं का ते?"

 सासूसमोर उकी आणि कागदावर जुई, असं चालत राहिलं. सुलक्षणा स्वतः तर दोन्ही टाळायची. "ए बाळ" म्हणायची. तिला वाटे, नावच घेतलं नाही तर कुणाचं लक्ष जाणार नाही.

आता कळत होतं, की डब्यातली आठवण जिथे साठते त्या जागेलाही दीपकने तेच नाव दिलं होतं.

३

"काय म्हणतो तो?" तिने विचारलं.

"काही नाही. माझीच चूक असेल."

"वाचा ना."

दीपकने ओठ ओले केले. "म्हणतो, जुई दोन आहेत."

कूलरमध्ये पाणी ठिबकत होतं.

"असं होतं," तो घाईने म्हणाला. "एकच फाईल चुकून दोनदा जोडली गेली, की हीच एरर येते. नवशिकी पोरं नेहमी करतात. आधीचं जुनं काहीतरी पडून राहिलं असेल. सगळं पुसतो आणि नव्याने करतो."

त्याने पुसलं, नव्याने केलं. बाकी सगळं नीट गेलं, आणि शेवटी तीच ओळ. जुई दोन आहेत. पहिली इथे आढळली. आणि पुढे त्या 'इथे'चा पत्ता, फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर.

दीपकने ती फाईल उघडली. बाण दाबत खाली खाली गेला. फाईल संपली.

"काय झालं?"

"तो म्हणतो तेवढ्या ओळीच नाहीत हिच्यात. त्याच्या कितीतरी आधी संपते ही."

"मग तो कुठे बघतोय?"

 फाईल जिथे संपत होती त्याच्या खाली पडदा नुसता पांढरा होता. तो त्या पांढऱ्याकडे बघत बसला.

सुलक्षणाने उगाच पायाला काम म्हणून दोरी ओढली. झोळी लगेच हलली नाही. जड लागली. पाण्याची भरलेली घागर दोरीने ओढावी तशी. तिने जोर लावला तेव्हा कुठे ती सुटली, आणि कडी करकरली. नेहमी एकदा करकरायची, जाताना. आता जाताना एकदा आणि येताना एकदा.

पोर वाढतंय, तिने स्वतःला सांगितलं. वरणबट्टी चाटतं आता. वजन वाढणारच. कडीला तेल घालायला पाहिजे.

४

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. हात लसणाचे होते म्हणून सुलक्षणाने तो स्पीकरवर लावला.

"काय करी ऱ्हायनी वं?"

"काही नाही आई. लसूण सोलते आहे. बिबडे टाकलेत वर."

"उलटा करी टाक. ऊन भलतं शे." आणि मग, "उकी कशी शे?"

उकीला जाग आली असावी. झोळीतून रडण्याचा आवाज यायला लागला. सुलक्षणा उठणार तोच फोनमधून भिकुबाई म्हणाल्या,

"रडस का ती?"

"हो, आत्ताच उठली."

"मंग दुसरी कोन हसस?"

सुलक्षणाने दीपककडे बघितलं. दीपक पडद्याकडे बघत होता, पण त्याची बोटं थांबली होती.

"कुणी नाही आई. आम्ही दोघंच आहोत. टीव्हीही बंद आहे."

"माले आयकू येस ना," भिकुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "एक रडस, एक हसस. कोन्ही पोर आनी शे घरमा?"

सुलक्षणाने कान दिला. तिला एकच आवाज ऐकू येत होता. रडण्याचा. फोन असेच आवाज करतात, लाईन खराब असली की आपलाच आवाज परत येतो, हे तिला माहीत होतं. पण आपलं रडणं हसू होऊन परत येतं का, हे तिला माहीत नव्हतं.

"दीपकले दे," भिकुबाई म्हणाल्या. दीपकने हाताने नको म्हणून खूण केली.

"ते कामात आहेत आई."

"मंग मी येस. चारनी गाडी शे."

फोन ठेवून सुलक्षणा झोळीपाशी गेली. तोवर पोर गप्प झालं होतं. झोळीचे दोन्ही काठ मिटलेले होते. तिने ते उघडून बघितले नाहीत. पोर निजलंय, कशाला उठवायचं, असं तिने ठरवलं. असं ठरवायला तिला फार वेळ लागला नाही, आणि पुढे तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

५

दीपकने धुळ्याला जितेंद्रला फोन लावला. जितेंद्र त्याच्याच कंपनीतला, तिकडच्या डब्यांचं काम बघणारा. मोकळा माणूस, मोठ्याने बोलायचा. टेबलावर ठेवलेल्या फोनमधून त्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता.

"अरे भावा, एवढंच ना? नाव बदल. दोन मिनिटांचं काम. जुईचं मोगरा कर!"

दीपक हसला नाही. जितेंद्रला काही माहीत नव्हतं.

"नाव नाही बदलायचं."

"का रे? ज्योतिषाने सांगितलंय का?"

"नाही बदलायचं म्हणजे नाही बदलायचं. दुसरं काही असेल तर सांग."

"मग ती दुसरी कुठे आहे ते शोधून काढ आणि उडव."

"सापडत नाही. तो दाखवतो तिथे काहीच नाही."

"बरं." जितेंद्रने थोडा विचार केला. "आडवाट आहे एक. चांगली नाही, पण डबा चालेल. जोडताना त्याला सांगायचं, की दोन असल्या तरी चालतील, ओरडू नको. मग तो ओरडत नाही. पहिली सापडेल ती धरतो."

"आणि दुसरीचं काय होतं?" सुलक्षणाने विचारलं. आपण कधी टेबलाजवळ येऊन उभ्या राहिलो हे तिलाही कळलं नव्हतं.

"वहिनी का? नमस्कार वहिनी. वहिनींनी पण शिकायला घेतलं वाटतं! काही नाही होत हो दुसरीचं. आतच पडून राहते ती. फक्त तिच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही. कुणीही हाक मारली तरी ती पहिलीलाच लागते."

फोन बंद झाला.

"अहो, उकी घाला ना तिथे," सुलक्षणा म्हणाली. आजवर तिने त्याच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं. "तीन अक्षरं काढायची आणि उकी घालायचं. तिचंच आहे ना ते नाव."

"उकिरड्यावरचं?"

"असू दे उकिरड्यावरचं. त्यावर ती जगली आहे."

"सुले, डबा आहे हा. पाण्याचा. केळीला पाणी सोडतो."

"मग बदलायला काय हरकत आहे?"

तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे कोरडे होते. मुलगी गेली त्या दिवशीही कोरडेच होते, लोक त्यावरून बोलले होते.

"पोरगी गेली," तो म्हणाला. "आता माझ्या हाताने तिचं नावही पुसू?"

सुलक्षणाने त्याचा हात धरायला पाहिजे होता. तिने पदराला हात पुसले. दीपकने एक छोटी ओळ लिहिली आणि बटण दाबलं.

६

या वेळी काही लाल आलं नाही. पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि थांबली. झालं, म्हणाला दीपक. त्याने खुर्चीत अंग टाकलं.

झोळी थांबली होती. दोरी सुलक्षणाच्या पायात नव्हतीच मघापासून, ती जमिनीवर पडली होती. म्हणजे झोळी इतका वेळ आपली आपण हलत होती. हे तिला ती थांबल्यावर कळलं.

तिने जाऊन काठ उघडले. पोर जागं होतं, तिच्याकडे बघत होतं. तिने उचलून छातीशी धरलं. हलकं लागलं. उन्हाने पोरं सुकतात, तिला वाटलं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने पाजायला घेतलं. पोराने आपला इवलासा हात वर नेऊन तिच्या गळ्यातल्या मण्यांत बोट अडकवलं आणि मिटक्या मारत प्यायला लागलं.

पोर चावलं नाही.

 सुलक्षणाने करंगळी धुतलेली आहे का बघितली, लसणाची होती, ती पदराने पुसली, आणि हळूच पोराच्या तोंडात घातली. खालची हिरडी तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली. मऊ होती. सगळीकडे सारखी.

दात आलेले परत जातात का? कुणाला विचारायचं? असं कुणी विचारलं तर बाया काय म्हणतील? कदाचित आलेच नसतील. कदाचित तिला वाटलं असेल. पण तिच्या अंगावर कालची खूण होती, दोन बारीक लाल टिंबं. तिने ती बघितली. होती.

"अहो, हिला बघा जरा," ती म्हणाली.

दीपक आला. वाकून बघितलं. पोराने त्याचं बोट पकडलं. त्याचा चेहरा इतका मऊ झाला, की सुलक्षणाला पुढचं बोलवेना.

"काय झालं? जुईच तर आहे," तो म्हणाला.

आणि तेव्हा झोळीची कडी करकरली. एकदाच, जातानाची.

दीपकचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. तो टेबलाकडे गेला, घाई न करता. त्याने ती लिहिलेली छोटी ओळ काढून टाकली. सगळं पुसलं. नव्याने चालवलं. आता कंपायलर ओरडायला पाहिजे होता, जुई दोन आहेत म्हणून. सुलक्षणा पोराला घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं की लाल यावं.

लाल आलं नाही. त्याने मघाचा नंबर शोधला, फाईल शोधली. सगळं बरोबर होतं. जुई एकच होती.

७

भिकुबाई दिवस मावळायच्या आत पोहोचल्या. हातातली पिशवी खाली न ठेवता उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुनेच्या कडेवरच्या पोराकडे बघितलं. पोराने त्यांच्याकडे हात पसरले. भिकुबाईंनी घेतलं नाही.

"काय नाव घीनं व्हतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

दीपक खाली मान घालून बसला होता.

त्या ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी पिशवी ठेवली आणि झोळीपाशी जमिनीवर बसल्या. रिकाम्या झोळीची दोरी हातात घेतली आणि ओढली. दोरी ताणली गेली तेव्हा त्यांच्या हाताची शीर वर आली. बाईने आयुष्यभर शेतात मोट-पाणी केलेलं, तिला ओझं ओळखू येतं.

"आई, काय करताय?" सुलक्षणा म्हणाली.

"निजाडी ऱ्हायनू," भिकुबाई म्हणाल्या. "आयकू येत नही का तुले? भलती रडस वं ती."

सुलक्षणाला ऐकू येत नव्हतं. ओट्यापाशी उभी राहून ती झोळीकडे बघत होती. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आडवं येऊन साडीच्या कापडातून आरपार गेलं होतं. आत काही नव्हतं. तिने नीट बघितलं, आत काहीच नव्हतं. आणि मग झोका येताना कापडाला आतून एक टाच लागली. छोटी, गोल. कापड तेवढंच ताणलं गेलं, आणि सरळ झालं.

सुलक्षणाच्या कडेवरचं पोर हसलं.

८

भिकुबाई तेव्हापासून परत गावी गेलेल्या नाहीत. दुपारभर झोका देतात. त्या दमल्या की सुलक्षणा बसते. हात घालून कापड चाचपलं तर ऊब लागते, पण हाताला कुणी लागत नाही. उकी म्हणून हाक मारली तर कडेवरची वळून बघते. दीपकने त्या नावाने दुसरं सगळं नवीन लिहून बघितलं. ते पहिल्याच खेपेला चाललं, काही अडलं नाही. काही अडलं नाही हेच वाईट झालं.

कडेवरचीला सुलक्षणा पाजते, न्हाऊ घालते. तीही तिचीच आहे. तिच्यासाठी ती एकदा पोटभर रडली होती. आता रडायला तिला जमत नाही, कोणत्या पोरीसाठी रडायचं ते ठरत नाही. कडेवरची किती महिन्यांची होईल आणि ती झोपेतून उठली नव्हती तो दिवस परत कधी येईल, हे ती मोजत नाही. दीपकही मोजत नाही. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत एवढंच.

हे वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात कुणी असं मशीनला शिकवण्याचं काम करत असेल, जळगावात असो, धुळ्यात असो, पुण्याला असो, तर त्यांना एवढं विचारा: एकदा 'चालेल' म्हणून सोडून दिलेल्या दुसरीपर्यंत पोहोचायचं कसं? वाट अवघड असली तरी चालेल. माहीत नसेल तर ज्याला माहीत असेल त्याला विचारायला सांगा, आणि त्याने पुढच्याला. उशीर करू नका. ती अजून दूध पिणारी आहे, आणि भिकुबाई म्हणतात की कालपासून तिचा आवाज बसत चालला आहे.